हायवेला चार्जिंग स्टेशन टाकतोय – ट्रान्सफॉर्मर घेऊ का बॅटरी?

कापूरहोळकर | शुक्रवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज स्वतःच्या कामासाठी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सातारा रोडला कापूरहोळच्या जरा पुढे आमचं छोटं हॉटेल आहे (नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको). मिसळ, पिठलं-भाकरी, चहा. पार्किंग मोप आहे. गेलं वर्षभर रोज कोणी ना कोणी काच खाली करून विचारतंच, "चार्जर आहे का हो?" नाही म्हटलं की माणूस चहापण न घेता पुढे जातो, म्हणजे आमचं गिऱ्हाईकही गेलं. म्हणून ठरवलं की ६० किलोवॅटचा दोन गनवाला (एका वेळी दोन गाड्या लागतील असा) डीसी फास्ट चार्जर टाकायचा.

आणि इथून गाडी अडली. जवळचा ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीएचा, त्यावर अर्धी वाडी, दोन पोल्ट्र्या, एक पिठाची गिरणी. माहितगार म्हणतात यातून चार्जरसाठी वेगळा मीटर घेतलात तर पंचवीस-तीस किलोवॅट निघतील, ६० विसरा. ६० पाहिजेत तर रस्त्यापलीकडून २२ केव्हीची लाईन सहा-सातशे मीटर ओढायची आणि स्वतःच्या खर्चाने ट्रान्सफॉर्मर बसवायचा. कॉन्ट्रॅक्टरने तोंडी सांगितलेला आकडा १२ ते १३ लाख. चार्जर वेगळा.

तेवढ्यात एका कंपनीचा सेल्समन आला, म्हणाला कशाला लाईन ओढताय, १०० युनिटची बॅटरी ठेवा, ती दिवसभर हळूहळू भरत राहील आणि गाडी आली की धडाधड देईल. कोटेशन १७ लाख. खाली ठळक अक्षरात "पेबॅक ३ वर्षे", म्हणजे घातलेले पैसे तीन वर्षांत सुटणार. मला तो आकडा काही केल्या पटत नाहीये, पण खोडता पण येत नाहीये. जागा चुलत्यांची, करार ९ वर्षांचा.

कोणी असं केलंय का? का वेड्यात काढतायत मला?

---

निवांत_बाणेर | शुक्रवार, रात्री ११:१०

आधी मिसळ कशी आहे ते सांगा, मग बॅटरीचं बघू :)

---

वाघोली_फेज_टू | शुक्रवार, रात्री ११:३४

केलंय. वाघोलीत आमच्या कॅब चार्जिंगच्या जागेवर बॅटरी आहे, १४ महिने झाले. उद्या सविस्तर लिहितो, आत्ता मोबाईलवरून टायपायचा कंटाळा. तोवर सही करू नका एवढंच सांगतो.

---

सबस्टेशन_आजोबा | शनिवार, सकाळी ६:०५

३३ वर्षं सबस्टेशनांतून काढली आहेत, त्यामुळे पहाटे उठून लिहितोय, सवय जात नाही.

धागाकर्त्याने आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. बॅटरी वीज तयार करत नाही. आपल्या पुण्यातल्या सोसायटीचं उदाहरण घ्या. कॉर्पोरेशनचं पाणी अर्ध्या इंची नळाने येतं, तेही बारीक धारेनं, पण रात्रभर येत राहतं आणि जमिनीखालची टाकी भरते. सकाळी सातला चाळीस घरांत एकदम शॉवर सुरू होतात तेव्हा कोणी नळाकडे बघत नाही, पंप टाकीतून उचलतो. तुमचा ३० किलोवॅट म्हणजे तो नळ, बॅटरी म्हणजे टाकी आणि चार्जर म्हणजे शॉवर. टाकीने धार वाढते, पाणी वाढत नाही. दिवसभरात नळाने जेवढं आलं त्यापेक्षा थोडं कमीच वापरायला मिळणार, कारण भरताना-उपसताना गळती आहे. १०० युनिट आत घातले तर ८५ ते ९० बाहेर येतात. वातानुकूलनाचा खर्च त्यातच.

आता तो तीन वर्षांचा पेबॅक. हा हिशोब कुठून आला ते मी सांगतो. अमेरिकेत डिमांड चार्ज जबरदस्त असतो, महिन्यात एकदा जरी लोड वर उसळला तरी त्या उसळीचं बिल महिनाभर भरा. तिथे बॅटरी लावून उसळी कापली की खरोखर पैसे वाचतात. आपल्याकडे चार्जिंग स्टेशनसाठी वीज नियामक आयोगाने वेगळी वर्गवारीच केली आणि तिचा डिमांड चार्ज मुद्दाम कमी ठेवला. २०२० च्या आदेशात केव्हीएमागे महिन्याला ७० रुपये, त्याच वेळी एचटी इंडस्ट्रीला (हाय टेन्शनवरच्या कारखान्यांना) चारशेच्या वर. वाढीव १०० रुपये धरू. तुम्ही ३० किलोवॅट वाचवले म्हणजे साधारण ३३ केव्हीए, म्हणजे महिन्याला ३,३०० रुपये, वर्षाला चाळीस हजार. १७ लाख भागिले चाळीस हजार करा. चाळीस वर्षांच्या वर जातंय. तोवर तुमच्या नातवाला दुसरा धागा काढावा लागेल.

---

निवांत_बाणेर | शनिवार, सकाळी ८:२०

आजोबा __/\__ काय ते उदाहरण. फक्त आमच्या सोसायटीत टाकीपण कोरडी असते आणि टँकर येतो, त्याचं चार्जिंगमध्ये काय म्हणतात?

---

सबस्टेशन_आजोबा | शनिवार, सकाळी ८:३१

डिझेल जनरेटर.

---

कापूरहोळकर | शनिवार, सकाळी ९:१५

हाहा, आजोबा तो पण आहे आमच्याकडे, ६२.५ केव्हीएचा. लाईट गेली की हॉटेल त्यावरच. सेल्समनने ते पण हिशोबात धरलं होतं, म्हणाला जनरेटर विकून टाका.

म्हणजे बॅटरी नको असंच ना? सरळ लाईन ओढू?

---

ओहमशांती | शनिवार, सकाळी १०:४२

आजोबांचा हिशोब बरोबर पण प्रश्न दुसराच आहे असं माझं मत. तुलना "बॅटरी विरुद्ध काहीच नाही" अशी करून चालणार नाही, तुलना "१७ लाखांची बॅटरी विरुद्ध १३ लाखांची लाईन" अशी आहे. दोन्हीपैकी एक केल्याशिवाय ६० चा चार्जर चालणारच नाही. मग फरक ४ लाखांचा राहिला आणि त्या ४ लाखांत काय जास्तीचं मिळतं ते बघायचं. दादांची जागा ९ वर्षांच्या करारावर आहे. पुरलेले खांब आणि ट्रान्सफॉर्मर करार संपल्यावर उचलून नेता येणार नाहीत, बॅटरीचं कपाट क्रेनने उचलून दुसरीकडे नेता येतं.

बाहेर पण लोकांनी हेच केलंय. जर्मनीत न्युरेम्बर्गला ऑडीने डिसेंबर २०२१ मध्ये चार्जिंग हब उघडलं, सहा पॉइंट, प्रत्येकी ३२० किलोवॅटपर्यंत, आणि ग्रिडचं कनेक्शन फक्त २०० किलोवॅटचं. मध्ये बॅटरी २.४५ मेगावॉट-तासाची (म्हणजे २,४५० युनिटची) आणि ती पण ऑडीच्या टेस्ट गाड्यांतून काढलेल्या जुन्या मॉड्यूल्सची. म्हणजे कनेक्शन लहान असताना हा मार्ग चालतो हे सिद्ध आहे.

(मी स्वतः पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, बॅटरी विकत नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

---

भोसरी_टू_चाकण | शनिवार, सकाळी ११:०३

ताई, अमेरिकेत एक फ्रीवायर नावाची कंपनी हेच करायची, चार्जरच्या पोटातच १६० युनिटची बॅटरी, ग्रिडमधून फक्त २७ किलोवॅट. २०२४ ला बंद पडली. हे पण सांगा की.

---

ओहमशांती | शनिवार, सकाळी ११:२०

हो पडली. कंपनी बुडणं आणि कल्पना चुकीची असणं ह्या दोन गोष्टी आहेत. त्याच देशात इलेक्ट्रिफाय अमेरिकाने २०१९ मध्ये शंभरच्या वर स्टेशनांवर टेस्लाच्या बॅटऱ्या लावायचं जाहीर केलं, एकेक २१० किलोवॅट आणि साडेतीनशे युनिटची. पण ते डिमांड चार्जसाठी, म्हणजे आजोबा म्हणतात ते कारण. आपल्याकडे ते कारण लागूच नाही. आपल्याकडे कारण एकच, तार पोचत नाही.

---

चांदणीचौक_ट्रॅफिकमध्ये | शनिवार, दुपारी १२:१५

मूळ प्रश्न कोणीच विचारत नाहीये. कापूरहोळला चार्ज करणार कोण? स्वारगेटपासून ३५-४० किमी. पुण्यातून निघालेला माणूस घरून शंभर टक्के करून निघतो, त्याला तुमच्याकडे ८५ टक्के असते. मी स्वतः नेक्सॉन घेऊन महाबळेश्वरला जातो, तुमच्या हॉटेलाकडे बघत पण नाही. आणि आता ईव्हीला टोल पण माफ झालाय त्यामुळे लोकं थांबतच नाहीत नाक्याला.

---

भोसरी_टू_चाकण | शनिवार, दुपारी १२:२२

पूर्ण टोलमाफी २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूला आहे हो. खेड शिवापूरला फुकट समजून जाऊ नका, फास्टॅग कापला की इथे येऊन ओरडाल.

---

कापूरहोळकर | शनिवार, दुपारी ३:४०

गर्दीत होतो, आत्ता बसलो.

चांदणीचौक दादा, तुमचं बरोबर आहे, जाताना कोणी थांबत नाही. विचारणारे सगळे येतानाचे. कोल्हापूर, सांगली, महाबळेश्वर, कासहून परत येणारे, खंबाटकी उतरले की बॅटरी १५-२० टक्क्यांवर आलेली आणि पुढे नवले पुलापासून कात्रजपर्यंतचा ट्रॅफिक डोळ्यासमोर. त्यात लहान मूल गाडीत झोपलेलं, बायको म्हणते एसी बंद करू नका. हे लोक थांबतात. आणि पुढे मुंबईला जाणारे तर थांबतातच.

पण मग हे सगळं रविवारी संध्याकाळी होतं. मंगळवारी दुपारी पार्किंगमध्ये कुत्रं असतं फक्त.

---

सबस्टेशन_आजोबा | शनिवार, दुपारी ४:०२

हे आधी सांगायला हवं होतं. सगळा विचार बदलला.

---

वाघोली_फेज_टू | शनिवार, रात्री ९:५०

कालचं वचन पाळतो. लांब होईल.

आमच्याकडे वाघोलीत कॅबवाले येतात, रात्री ११ ते पहाटे ५ आणि दुपारी १ ते ४ अशी दोनदा गर्दी. सँक्शन (मंजूर) लोड ४० किलोवॅट, बॅटरी १२० युनिटची, चार्जर ६० चे दोन. बॅटरी म्हणजे लोकांना कंटेनर वाटतो पण तसं नाही, दोन गोदरेजची कपाटं शेजारी शेजारी ठेवल्यासारखं दिसतं. वजन मात्र कपाटाचं नाही, आतला एकेक सेल साडेपाच किलोचा असतो, ३१४ एएच गुणिले ३.२ व्होल्ट म्हणजे एक सेल बरोब्बर एक युनिट धरा, १२० युनिट म्हणजे १२० सेल, नुसते सेलच साडेसहाशे किलोच्या वर, वरून लोखंड, कूलिंग, इन्व्हर्टर. त्याला नीट काँक्रीटचं जोतं लागतं. आम्ही सहा इंच उंच केलं होतं, जुलैत पार्किंगमध्ये पाणी भरलं तेव्हा जोत्याच्या कडेला पाणी लागलं होतं आणि माझा जीव घशात. तुम्ही दीड फूट करा.

आता खरा किस्सा. बॅटरी एलएफपी आहे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. टिकते चांगली, तापायला निबर, पण तिचा एक स्वभाव आहे. मधल्या भागात तिचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, ३० टक्के असो का ७० टक्के, आकडा तोच दिसतो. त्यामुळे बीएमएसला (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटला) किती चार्ज उरलाय ते व्होल्टेजवरून कळत नाही, तो आत किती गेलं बाहेर किती आलं याची बेरीज-वजाबाकी ठेवतो, आणि वाण्याच्या वहीसारखी ती हळूहळू चुकत जाते. मधून मधून शंभर टक्के भरली की वही परत बरोबर होते. आमच्याकडे दोन्ही वेळेला गर्दी, बॅटरी कधी शंभरला जायचीच नाही, ८०-८५ वर आली की परत उपसा. दोन महिन्यांनी एका रात्री स्क्रीनवर ४१ टक्के दाखवत होती, चार गाड्या लावलेल्या, आणि एकदम ४१ वरून ९. चारही गाड्यांचा स्पीड ८ किलोवॅटवर. ड्रायव्हर लोकांनी जे काय ऐकवलं ते इथे लिहित नाही. ज्यांनी बसवली त्यांना फोन केला तर त्यांचा माणूस तिसऱ्या दिवशी आला, लॅपटॉप लावला, म्हणाला "सर आठवड्यातून एकदा फुल्ल करायची असते." हे हँडओव्हरच्या कागदात कुठेच नव्हतं. आता दर सोमवारी सकाळी ६ ते ९ चार्जर निम्म्यावर आणून तिला शंभरपर्यंत भरतो.

दुसरं, धूळ. पुणे-नगर रोडची धूळ तुम्हाला माहितीये. चार्जरच्या आत ३०-३० किलोवॅटचे मॉड्यूल असतात, त्यांना पंखे, पंख्याला फिल्टर. महिन्यात फिल्टर गोधडीसारखा होतो. मग आतलं तापमान वाढतं आणि चार्जर स्वतःच ६० वरून ४० वर येतो, गिऱ्हाइकाला वाटतं बॅटरी खराब. तुमच्याकडे हायवेची धूळ, तेव्हा फिल्टर झाडायला माणूस ठेवा.

तिसरं उंदीर. केबल जिथून आत जाते ती भोकं फोमने बंद केली होती, फोम खाल्ला. आता स्टीलची जाळी आणि वर सिमेंट.

एवढं असून मी खूष आहे का? हो आहे. कारण आमच्याकडे रोज दोन फेऱ्या होतात. बॅटरी राबते, बसून खात नाही.

---

नऱ्हे_गाव | शनिवार, रात्री १०:१५

वाचनखूण साठवली. असं अनुभवाचं लिहिणारे कमी झालेत.

---

शंकासुर | शनिवार, रात्री १०:३०

आगीचं काय? हॉटेलात गॅस सिलिंडर आहेत, पार्किंगमध्ये पोरं खेळतात. मार्च २०२२ मध्ये लोहगावला रस्त्याच्या कडेला उभी स्कूटर पेटली होती तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. आणि जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला बॅटरी स्टोरेजला मोठी आग लागली, आजूबाजूची वस्ती हलवावी लागली.

---

ओहमशांती | शनिवार, रात्री ११:०५

भीती रास्त आहे पण नीट समजून घेऊ. मॉस लँडिंगच्या बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या होत्या आणि जुन्या पॉवर प्लांटच्या इमारतीत एकाच छताखाली कोंबलेल्या. एलएफपी त्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला बिघडते आणि बिघडली तरी उष्णता कमी सोडते. पण "एलएफपीला आग लागतच नाही" असं कोणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. सेल बिघडला की त्यातून गॅस निघतो, त्यात हायड्रोजन असतो, बंद कपाटात साठला की स्फोट होऊ शकतो. म्हणून कपाटाला गॅस सेन्सर, बाहेर फेकणारा पंखा आणि दाब सोडायला जागा पाहिजे. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

दादा, कपाट किचनच्या भिंतीला अजिबात नको, सिलिंडरच्या बाजूला नको, आणि बाहेर पडायच्या वाटेवर नको. पार्किंगच्या लांबच्या कोपऱ्यात, उघड्यावर, वर पत्र्याची शेड. उन्हात ठेवली तर मे महिन्यात कूलिंगच अर्धी वीज खाईल. आणि गाडी रिव्हर्समध्ये येऊन धडकू नये म्हणून पुढे लोखंडी खांब.

वळवाच्या पावसात विजा पडतात तुमच्याकडे, सर्ज प्रोटेक्शन आणि अर्थिंगवर पैसे वाचवू नका.

---

दुधाने_तोंड_पोळलेला | रविवार, सकाळी ७:४५

जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या घ्या ना, ऑडीने केलं तसं. निम्म्या भावात मिळतात म्हणे.

---

वाघोली_फेज_टू | रविवार, सकाळी ९:१०

ऑडीच्या त्या बॅटऱ्या त्यांच्याच गाड्यांच्या होत्या, एकेकीची जन्मपत्रिका त्यांच्याकडे. तुम्हाला भंगारातून मिळेल त्यात एक मॉड्यूल ८० टक्क्यांचं, एक ६५ चं, एक अपघातातलं. सगळ्यात कमजोर सेल जिथे थांबेल तिथे अख्खी स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या सेलची माळ) थांबते. बीएमएस कोण जुळवणार, वॉरंटी कोण देणार? २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांनी जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, त्यामुळे पुढे नीट तपासलेला माल येईल, येऊ दे. हॉटेलवाल्याने प्रयोगशाळा उघडू नये.

---

पेट्रोलहेड_हडपसर | रविवार, सकाळी ९:४०

शेवटी कोळशाचीच वीज ना. चालू द्या.

---

निवांत_बाणेर | रविवार, सकाळी ९:४४

आले. म्हटलं अजून कसे आले नाहीत.

---

सबस्टेशन_आजोबा | रविवार, सकाळी १०:३०

त्या वादात शिरू नका, धागा भरकटेल.

कापूरहोळकर, तुम्हाला आज एक काम सांगतो. आज रविवार आहे. वही घेऊन पार्किंगपाशी एक पोऱ्या बसवा, दुपारी ३ ते रात्री ९. हिरव्या पाटीच्या गाड्या मोजायच्या, आलेली वेळ लिहायची आणि जमलं तर विचारायचं की चार्जर असता तर लावली असती का. सेल्समनने १०० युनिटचा आकडा कुठून आणला? त्याच्याकडे १०० चं कपाट आहे म्हणून. तुमची गर्दी त्याने बघितलेली नाही.

---

कापूरहोळकर | रविवार, रात्री ११:२५

आजोबा, पोऱ्या कशाला, मीच बसलो. गल्ल्यावर बायकोला बसवलं, तिने संध्याकाळभर टोमणे मारले.

३ ते ९ मध्ये हिरव्या पाटीच्या १९ गाड्या थांबल्या. त्यातल्या ११ जणांशी बोललो, ७ म्हणाले नक्की लावली असती. बाकीचे म्हणाले घरी जाऊनच लावू. एक काका कोल्हापूरहून येत होते, १२ टक्के होती, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं हॉटेलच्या थ्री पिनवर लावून देतात की काय. शेवटी १५ अँपच्या सॉकेटवर तासभर लावली, तीन युनिट गेले असतील, मिसळ दोन प्लेट आणि ताक.

सात गाड्या म्हणजे एकेक २५ युनिट धरले तर १७५. माझा नळ २५ किलोवॅटचा धरला तर सहा तासांत १५० देतो. म्हणजे कमी पडतात फक्त २५ युनिट? मग बॅटरी कशाला?

पण घोळ असा की सातपैकी चार गाड्या ५ ते साडेसहाच्या मध्येच आल्या.

---

ओहमशांती | सोमवार, सकाळी ७:५०

वा, आता बोलण्यासारखं काही हातात आलं.

चार गाड्या, १०० युनिट. नुसत्या २५ किलोवॅटवर ते द्यायला चार तास. पाचला आलेला सहाला जाईल, साडेसहाला आलेला नऊला. तो थांबणार नाही, मॅपवर पुढचं स्टेशन बघेल. म्हणजे सरासरीने बॅटरी लागत नाही पण गाड्यांची रांग लागली की लागते.

आता दीड तासात १०० युनिट द्यायचे म्हटले तर ग्रिड साधारण ३७ देईल, उरलेले ६३ बॅटरीतून.

---

भोसरी_टू_चाकण | सोमवार, सकाळी ८:३०

ताई चार्जरच ६० चा आहे की. दीड तासात ९० च्या वर जाणारच नाहीत, त्यात ८० टक्क्यांनंतर गाडी स्वतःच हळू घेते. चार गाड्यांना दोन तास धरा. दोन तासांत ग्रिडचे ५०, बॅटरीचे ५०, गळती धरून ५५-६०.

---

ओहमशांती | सोमवार, सकाळी ८:४१

बरोबर, घाईत चुकलं. म्हणजे ६०-७० युनिटची बॅटरी पुरते. १०० ची गरज नाही. सेल झिजतात म्हणून थोडं वर धरा, ७०.

---

सबस्टेशन_आजोबा | सोमवार, सकाळी ९:१५

आणि दुसरी बाजू. ही बॅटरी शनिवार-रविवार राबणार, म्हणजे वर्षाला शंभर-सव्वाशे फेऱ्या. सेल बनवणारे पाच-सहा हजार फेऱ्या सांगतात. तुमची बॅटरी फेऱ्यांनी मरणार नाही, वयाने मरेल. म्हणजे विकत घेतलेला घोडा पागेत उभा. वाघोलीकरांचा रोज दोनदा पळतो. त्यामुळे बाकीच्या पाच दिवसांत तिच्याकडून काही काम काढून घेता येतं का बघा.

---

वाघोली_फेज_टू | सोमवार, सकाळी १०:०५

जनरेटर! लिटरभर डिझेलमधून साडेतीन युनिट निघतात, म्हणजे युनिटला २५-२६ रुपये पडतात. लाईट गेली की हॉटेल बॅटरीवर टाका, दोन-तीन तास आरामात. फक्त चार्जरचा मीटर वेगळ्या वर्गवारीचा आहे, त्यातली वीज हॉटेलला वापरलेली चालणार नाही. बॅटरी हॉटेलच्या बाजूला जोडायची का चार्जरच्या, हे आधी वीज कंपनीला लेखी विचारा. मागून दंड भरण्यापेक्षा बरं.

---

नऱ्हे_गाव | सोमवार, सकाळी १०:२०

पार्किंगवर सोलरची शेड करा ना. कपाटाला सावली, गाड्यांना सावली. पुण्यात किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट मिळतात, १५ किलोवॅटचे ६० झाले. आठवडाभर हॉटेलला, रविवारी गाड्यांना. जून ते सप्टेंबर सोडून द्या.

---

चांदणीचौक_ट्रॅफिकमध्ये | सोमवार, दुपारी १:३०

मी अजून म्हणतो, आधी ३० चा चार्जर टाका, तो आहे त्या लोडवर चालतो. वर्षभर बघा. मिसळ खायला ४० मिनिटं लागतात, तेवढ्यात १५-१६ युनिट जातात, कात्रज चढून घरी पोचायला तेवढे बास. प्रत्येकाला ८० टक्के कशाला पाहिजेत, घर ४० किमीवर आहे.

---

सबस्टेशन_आजोबा | सोमवार, दुपारी १:५२

चांदणीचौकवाल्यांनी पहिल्यांदाच शहाणपणाचं लिहिलंय.

---

ओहमशांती | सोमवार, दुपारी २:१०

पुण्याच्या लोकांसाठी खरंय ते. मुंबईला जाणाऱ्याला १५ युनिटने काय होणार?

---

कापूरहोळकर | सोमवार, रात्री १०:४०

सगळं वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, सातपैकी मुंबईच्या किती होत्या? वहीत पाट्या लिहिल्या होत्या म्हणून बरं. एमएच १२ आणि १४ (पुणे, पिंपरी) मिळून पाच, एमएच ०३ (मुंबई) एक, एमएच ४३ (नवी मुंबई) एक. पाट्यांवरून सगळं कळत नाही, पण अंदाज येतो.

त्यामुळे सध्या असं ठरतंय की ३० चा चार्जर, वेगळा मीटर, आणि जोतं आत्ताच दीड फुटाचं बॅटरीच्या मापाचं बांधून ठेवायचं, केबलची पाईप पण टाकून ठेवायची, म्हणजे नंतर फरशी फोडायला नको. दिवाळीपर्यंत दर रविवारी वही चालू ठेवणार. सेल्समनला सांगितलं की ७० युनिटचं कोटेशन दे, गॅस सेन्सर आणि कूलिंगसकट, आणि पेबॅकचा हिशोब आमच्या वीज बिलावर करून दे. तो म्हणाला "सर ७० चं मॉडेल नाही, १०० घ्या, डिस्काउंट देतो."

---

सबस्टेशन_आजोबा | मंगळवार, सकाळी ६:१०

म्हटलं होतं ना.

---

निवांत_बाणेर | मंगळवार, सकाळी ९:०२

येत्या रविवारी पाचच्या सुमारास येतोय, वहीत आधीच लिहून ठेवा. गाडी पेट्रोलची आहे पण मिसळ दोन प्लेट.